जागे होतानाची भाषा

संघर्ष हे जग सोडून गेल्यानंतरही कुरुंदवाडच्या दूध संकलन केंद्रातला संगणक रोज त्याच्याच शब्दांनी जागा होत असे. गगनबावड्याच्या घाटात, धुक्यात, त्याची मोटारसायकल दरीत गेली. पण संगणकातली लिनक्स प्रणाली सुरू होताना वजनकाट्याला हाक मारणारी, पर्ल या संगणकभाषेत त्याने लिहिलेली आज्ञांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, चालतच राहिली. दूध संस्थेच्या कोल्हापूरच्या कचेरीत आता त्याच्या खुर्चीवर त्याची धाकटी बहीण सोनम बसे. दादाचे काहीतरी अजून काम करते आहे, एवढाच तिला आधार होता.

२००३ च्या उन्हाळ्यात दूध संस्थेने नियम काढला : संगणक सुरू होतानाच्या स्क्रिप्ट लिनक्सच्या साध्या, अंगच्या शेल भाषेतच लिहाव्यात, पर्लमध्ये नकोत. नियम रास्त होता. यंत्र जागे होताना आधी डिस्कचा लहानसा भाग उघडतो. तिथे शेल असते. पर्ल असते मोठ्या भागात, आणि वीज अवचित गेलेली असली की तो भाग तपासणीत अडकून पडतो.

विभागप्रमुख गणपतरावांनी तिला बोलावले. "बाकीची केंद्रं बदल, पोरी. कुरुंदवाडचं ऱ्हाऊ दे तसंच, दादाची आठवण म्हणून. कोण बघाय येतंय?"

सोनमने बाकीची केंद्रे बदलली. कुरुंदवाड तसेच राहिले.

भारनियमन वाढले आणि एका सकाळी तिथून फोन आला. ती पोहोचली तेव्हा उन्हात कॅनांची रांग लागली होती. पडद्यावर एकच ओळ गोठलेली : पर्ल सापडत नाही. जुना हातकाटा तर कधीच मोडीत गेलेला.

"आलासा व्हय पावणं?" रांगेतल्या चिमणाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमचं मशीन निजलंय की! म्हशीला सांगू व्हय, लाईट टिकल्यावर पान्हा सोड म्हणून?"

बायका हसल्या. चिमणाबाईंनी झाकण काढून वास घेतला आणि त्यांचे हसू मावळले. "नासलं बघा."

डिस्कचा तो मोठा भाग आपल्या हातांनी उघडून द्यावा, आजचा दिवस निभावून न्यावा, दादाला राहू द्यावे, असे सोनमच्या मनात आले. तेवढ्यात पाठीमागे गटारात दूध ओतल्याचा आवाज झाला. बराच वेळ तो थांबेना.

तिने शेलमध्ये लिहायला घेतले. संघर्षचे एकेक लयदार वाक्य आखूड, कोरड्या ओळींत तुटत गेले. शेवटी वजनकाट्यावरचे आकडे लुकलुकले.

"उठलं बया!" चिमणाबाई म्हणाल्या.

स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचे नाव असते. तेवढे तरी ठेवावे म्हणून सोनमची बोटे थबकली. पण या ओळी आता त्याच्या नव्हत्या. उद्या त्यांत चूक निघाली, तर मेलेल्या माणसाला बोल लागेल. तिने भावाचे नाव पुसले, स्वतःचे लिहिले आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले.

ते पूर्वीपेक्षा लवकर जागे झाले. तेच तिला सोसवेना.