उल्कावीराचा उजवा हात

मी एक जुना सुपरहिरो आहे, मित्रांनो. हसू नका. उंचीनं मी तुमच्या वितीएवढाही भरणार नाही, अंगानं निव्वळ प्लास्टिकचा आहे, पण एके काळी माझा चांगला दरारा होता. माझं नाव उल्कावीर. लाल झगा, चंदेरी शिरस्त्राण आणि पाठीवर एक बटण. ते दाबलं की माझा उजवा हात सटकन पुढे येऊन ठोसा मारायचा. आता दाबलं तर नुसतं 'टक' वाजतं, कारण तो हातच खांद्यापासून नाही. तो कसा गेला हे जगात फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातला एक मी.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक पुठ्ठा होता, त्यावर माझं चित्र होतं आणि बस्स. परदेशात माझ्यासारख्यांना प्रत्येकी एक तळहाताएवढं कॉमिक मिळायचं म्हणतात. हा कोण, कुठून आला, याचा शत्रू कोण, सगळं त्यात. आमच्या मालकांनी तो खर्च वाचवला. त्यामुळे मी गोष्टीविनाच जगात आलो.

रेल्वेच्या नकाशे काढायच्या ऑफिसात काम करणाऱ्या अनंतरावांनी मला नागपुरात विकत घेतलं आणि रायपूरला घरी आणलं, थोरल्या शेखरसाठी. शेखर तेव्हा चौथीत होता, धाकटी निधी नुकतीच शाळेत जायला लागली होती. काय दिवस होते ते! मी पाण्याच्या टाकीवरून उड्या मारल्या, मुंगळ्यांच्या फौजा परतवल्या, डाळीच्या डब्यातून कैदी सोडवले. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं मला बघायला यायची आणि शेखर फक्त त्यालाच बटण दाबू द्यायचा ज्यानं हात धुतलेत. अनंतराव दोघांना बजावायचे, "वस्तू जपून वापरा. जपता येत नसंल त मागू नका."

एका उन्हाळ्याच्या दुपारी शेखर मला कूलरजवळ जमिनीवर टाकून झोपला. शेजारी निधी झोपली होती. खिडक्यांना ओले पडदे, खोलीत अंधार. अनंतराव ऑफिसातून लवकर आले आणि त्यांचा बुटासकट पाय माझ्यावर पडला. माझा हात काडकन तुटला. ते खाली बसले, हात उचलला, माझ्या खांद्याला लावून बघितला. मग मुलांकडे बघितलं. त्यांचा चेहरा एखाद्या चूक केलेल्या मुलासारखा झाला होता. त्यांनी हात शर्टाच्या खिशात टाकला, मला अलगद गादीवर ठेवलं आणि ते आत गेले. मी निधीच्या उशीपाशी होतो. त्यांनी तसं मुद्दाम केलं असेल असं मला आजही वाटत नाही.

शेखर उठला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. त्यांची आई सुशीलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काहून वं निधे, एक वस्तू टिकू देत नाही तू घरात!" त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "मी नाही केलं, मी झोपली होती," निधी हुंदके देत म्हणत होती. अनंतराव खुर्चीत चहा पीत होते, पेपर तोंडासमोर धरून. एक वाक्य पुरलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, आता बोला, आता तरी बोला! चहा संपला, पेपर संपला, ते बोलले नाहीत.

त्या दिवसापासून घरात काहीही फुटलं की नाव निधीचं. बरणी फुटली, निधी. रेडिओ बंद पडला, निधी. आधी ती भांडायची. मग भांडणं सोडलं. पुढे पुढे तर तिलाच वाटायला लागलं की झोपेत आपलाच पाय लागला असेल. मी हे सगळं ट्रंकेत पडून ऐकत होतो. मला धूळ खाण्याचं दुःख नव्हतं मित्रांनो, ते ऐकण्याचं होतं.

निधी मोठी झाली, शाळेत चित्रकला शिकवू लागली. आणि तिला एक गोड छंद लागला. माझ्यासारख्या जुन्या खेळण्यांसाठी ती मिनी-कॉमिक बनवते. कागदाची घडी घालून आधी कच्चं पुस्तक, त्यात पेन्सिलीनं चौकटी, वर काळी शाई, मग पुरानी बस्तीतल्या दुकानात झेरॉक्स, मधोमध पिना आणि कडा पट्टी लावून कापलेल्या. लोक लांबून खेळणी पाठवतात. कुणाचा पाय नाही, कुणाचा कान कुत्र्यानं चावलाय. निधी काही जोडत नाही. ते कसं मोडलं याचीच ती एक पराक्रमाची गोष्ट रचते आणि कॉमिक खेळण्यासोबत पिशवीत घालून परत पाठवते. पात्रांच्या तोंडापाशी काढलेल्या फुग्यांमधले संवाद अनंतराव लिहितात. निवृत्त झाले तरी अक्षर अजून मोत्यासारखं.

शेखरच्या पन्नाशीला तिनं मला ट्रंकेतून काढलं. तो आता बिलासपूरला असतो. निधीनं मला कोमट पाण्यानं धुतलं आणि माझी गोष्ट काढली. सिलतराच्या कारखान्यांच्या धुरातून धूरासुर उठतो, दोन वेण्यांची एक खोडकर मुलगी भट्टीजवळ जाते, तिला ओढून काढताना उल्कावीराचा हात वितळतो. शेवटच्या चौकटीत मुलगी रडत म्हणते, "माझ्यामुळे गेला तुमचा हात. माफ करा मले." वेण्या निधीच्या होत्या.

मी टेबलावरच उभा होतो. अनंतरावांनी सगळे फुगे लिहिले आणि शेवटच्यापाशी पेन थांबलं.

"हे लिहायचंच का बेटा?"

"हो बाबा. दादाले माफी मागायचीच राहून गेली." मग तिनं मला हातात घेतलं. "बाबा, तुम्हाले आठवते का? मीच तोडला होता न? मले त काहीच याद नाही."

मित्रांनो, याहून मोठं दार कुणी कुणासाठी उघडत नाही. अनंतरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आलं, आता आलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "लहान होती तू."

निधी हसली. तिला किती बरं वाटलं ते मला दिसत होतं. अनंतरावांनी खाली वाकून ते वाक्य लिहिलं, एकही अक्षर न चुकवता.

मी बिलासपूरला पोचलो. शेखरनं कॉमिक वाचलं, पुन्हा वाचलं, डोळे पुसले आणि लगेच व्हिडिओ कॉल लावला. "कबूल केलं न पोट्टीनं शेवटी! निधी, बेस्ट केलं यार. अजून छाप, मी ऑफिसात सगळ्यांना देतो. बाबा, ऐकून राहिले न?"

फोनवर निधीच्या मागे अनंतराव बसलेले दिसत होते.

"हव," ते म्हणाले.

आता माझं कॉमिक पुष्कळांकडे आहे. गोष्ट नसलेल्या मला अखेर गोष्ट मिळाली, आणि ती खोटी आहे.

आम्हाला धुऊन-पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, हे तर आम्ही सगळेच सांगतो. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही मोडलं तर त्याच घटकेला सांगून टाका. रागावतील, धपाटा बसेल, संध्याकाळपर्यंत विसरतील. घरातल्या मोठ्यांनाही हे वाचून दाखवा, त्यांना सांगणं जास्त जड जातं. आणि तुमच्यापैकी कुणी रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहत असेल, तर माझं एक काम करा. निधीताईच्या घरी जा आणि तिला सांगा, की माझा हात तिनं तोडला नव्हता.