आईंची साखर

आमच्या घरात नात्यांचा घोळ जुनाच आहे. माझा नवरा आल्हाद, त्याची जन्मदाती आई शाळेत शिकवायला जायची. तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून आल्हादही वहिनीच म्हणायला शिकला. त्याला दिवसभर सांभाळलं ते अनसूयाकाकूंनी. त्यांना मूलबाळ नाही. त्यांना तो आई म्हणतो. वहिनी गेल्या, काका गेले, आणि आई टेमघरला आमच्याकडे राहतात. मीही त्यांना आईच म्हणते आणि भांडायची वेळ आली की सासू समजूनच भांडते.

गेल्या वर्षी आल्हादला मधुमेह निघाला. आईंना तो कितीतरी वर्षं आहे. हा आजार घराण्यातून येतो, असं डॉक्टर सहज बोलून गेले, आणि आईंनी ते मनाला लावून घेतलं. माझंच पोराच्या अंगात उतरलं, म्हणून देवापुढे बसून माफी मागायच्या. मी त्यांची समजूत घालत राहिले, पण त्या म्हणतात त्यात चूक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आल्हादच्याही नाही. इतके आम्ही त्या 'आई'ला सरावलोय.

मग मधुमेह रक्ताच्या नात्यात कसा उतरतो, यावर संशोधन करणारी अदिती आली. आई आहेत का, असं तिने विचारलं. आहे की, आल्हाद म्हणाला, आणि दोघांनी शेजारी बसून रक्त दिलं.

महिन्याभराने ती पुन्हा आली. येताना वाटेत मानकोलीला कंटेनर-ट्रकांच्या रांगेत अडकून घामाघूम झाली होती, आणि चेहराही पडलेला. आमच्याकडून बहुतेक नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणाली. तुम्हा मायलेकांचे नमुने जुळत नाहीत, परत घ्यावे लागतील.

आल्हाद आधी गोंधळला, मग हसत सुटला. जुळतील कसे, ती माझी काकू आहे, म्हणाला. अदितीही सुटकेने हसली आणि आईंकडे वळली.

"मग आजी, तुम्ही आता काळजी सोडा. तुमच्याकडून त्यांना काहीच गेलेलं नाही."

आईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असं मला वाटलं. पण त्यांनी हळूच बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"परत एकदा बघ ना, बाळा. थोडं तरी निघेल."

मला भडभडून आलं. वर्षभर मी यांचं दुःख ऐकत होते, पण मला ते अर्धंच कळलं होतं.

आल्हाद उठून त्यांच्यापाशी जमिनीवर बसला. सगळंच रक्तातून येतं का, असं त्याने अदितीला विचारलं. नाही, ती म्हणाली, घरातलं खाणंपिणं, सवयी, त्यांचाही वाटा मोठा असतो.

"ऐकलंस? शाळेतून आलो की तूप-साखर-पोळी कोण द्यायचं मला? वहिनी तर ओरडायच्या."

"वर आणखी चमचाभर साखर घालायचे मी," आई म्हणाल्या. "तू मागायचास."

"मग झालं तर. माझा मधुमेह तुझाच आहे."

आईंनी पदराने डोळे पुसले, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि बाही खाली केली. मग मला म्हणाल्या, "नीरजा, याला उद्यापासून भात कमी वाढ." आवाज अगदी सासूचा होता.