दोन, पाच, एक

सुमनबाई गेल्यापासून नऊ महिने तोतारामनानांनी पेटी उघडली नव्हती. शिंदखेड्याच्या भजनी मंडळात तीस वर्षं त्यांनी बायकोच्या गाण्याला साथ केली. आता वाजवायचं कुणासाठी? पेटी मंडळाला देऊन टाकतो, असं ते सांगूनही आले होते.

धुळ्यात कीबोर्ड शिकवणारी त्यांची लेक पुनम म्हणाली, "द्यायच्या आधी एकदा माझ्या रविवारच्या कार्यक्रमात वाजवा. जुनं जॅझचं गाणं आहे. मी कॉर्ड धरते, म्हणजे तीन-चार सूर एकदम, वर तुम्ही मनाचं वाजवायचं. नाही जमलं तर खुशाल द्या."

कॉर्ड तिने वहीत आकड्यांत लिहून दिले. दोन, पाच, एक. नानांना लगेच कळलं. पेटीच्या पट्ट्या मोजण्यात जन्म गेलेला. पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी एक. त्या त्या पट्टीवरून ते सूर घेत गेले आणि चक्क जमलं. पण गाण्याचा मधला तुकडा आला की सगळं बेसूर. शनिवारी दुपारपर्यंत तेच.

"बठ्ठं बिघडनं!" नानांनी भाता बंद केला. "पेटी जाऊ दे मंडळात."

"थांबा. मधे वाजवता काय नेमकं?"

"तू लिहिलंस तेच. पांढरी दोन, पांढरी पाच..."

पुनम हसत सुटली. "अहो नाना, हे पट्ट्यांचे नंबर नाहीत! सा पासून मोजायचं. सुरुवातीला सा पांढरी एकला आहे, म्हणून तुमची चूक खपली. मधे तो काळी दोनला जातो."

"गाणं चालू असताना सा हलतो?"

"हलतो."

"मग आधी सांगायचं ना, बाई! मी जुन्याच घराची कडी वाजवत बसलो."

नानांनी भाता पुन्हा उघडला. भजनात एकदा धरलेला सा शेवटपर्यंत हलत नसे. त्यांनी काळी दोनवर बोट ठेवलं आणि तिथून मोजलं. दुसरा सूर पांढरी चार, पाचवा काळी पाच.

पुनमने कॉर्ड धरले. पहिल्यांदा ते उशिरा पोचले. दुसऱ्यांदा वेळेवर. समोर गाणारं कुणी नव्हतं. पुढे कुठे जायचं ते त्यांनाच ठरवायचं होतं. त्यांनी भीत भीत ठरवलं. चारच सूर, पण नीट बसले.

"मंडळाला काय कळवू?" पुनमने विचारलं.

"दुसरी पेटी पाहा म्हणावं. आणि मधे बोलू नको. धर परत, मधल्यापासून."