काचेवरची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. घराची नव्हे मित्रांनो, एका रोपाच्या देठातल्या पेशीची. पंचवीस वर्षे मी शाळेच्या प्रयोगशाळेत एका काचपट्टीवर चिकटून आहे.

मी तयार होत होते तेव्हा माझ्या आतल्या बाजूला केवढी वर्दळ होती! पेशीच्या सांगाड्यातल्या अतिबारीक नळ्या वेटोळी घालून बसत. त्या म्हणजे जणू आखून दिलेल्या वाटा. त्या वाटांनी चिमुकली यंत्रे सरकत आणि मागे सेल्युलोजचा धागा सोडत जात. जिथे नळी, तिथेच धागा. अशी मी वेटोळ्यावेटोळ्यांनी जाड झाले. मग काम संपले. नळ्या विरून गेल्या, यंत्रे थांबली, पेशीही मेली. "छान झालीस," म्हणायला कुणी उरले नाही. माझ्या पोकळीतून पाणी पानांकडे चढू लागले, पण पाणी काही बोलायला थांबत नाही.

पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी देठाचा पातळ काप घेतला आणि मला लाल रंगवले. काही वर्षे मुले रांगेने मला बघत. नंतर आमचे काचपट्ट्यांचे खोके कपाटात गेले.

परवा प्रयोगशाळेतल्या काकांनी ते काढले. जुन्या काचा घासून पुन्हा वापरायची त्यांची पद्धत. माझ्या एकोणचाळीस शेजारणी गरम साबणपाण्यात गेल्या. मी काकांच्या चिमटीत होते, तोच बाई आल्या.

"काका, थांबा! एकदा बघा तरी."

"तीस वर्षं काचा घासतोय बाई. आत बघायचं काम तुमचं." तरी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "सगळा अंधार आहे."

"अहो, मिटलेला डोळा लावलाय तुम्ही!"

काकांनी डोळा बदलला. "अरेच्चा! ही तर स्प्रिंग! एवढी बारीक कुणी गुंडाळली?"

बाईंनी नळ्यांचे आणि यंत्रांचे सगळे सांगितले.

"मग ती मंडळी कुठायत?"

"गेली. काम तेवढं राहिलं."

हाताचा फेस पुसून काका म्हणाले, "ही राहू द्या."

आता चाळीस खाचांच्या खोक्यात मी एकटी आहे. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू रिकामी वाटली, तरी टाकण्याआधी तिच्यात एकदा डोकावून बघा. माझ्या शेजारणींकडे कुणी बघितलेच नाही.