कड लागली तेव्हा

सिल्वासाजवळच्या मसाटच्या मैदानावर दर हिवाळ्यात कंपनीतल्या स्टाफची आणि कामगारांची मॅच होई, आणि अंपायर एकच असे, कारभारी नावाचा कामगार. सिल्वासात त्याचं स्वतःचं असं कुणी नव्हतं. खोलीवर एकटाच नियमांचं पुस्तक वाचत बसायचा. पण पांढरा कोट चढवला की लोक त्याला हाक मारत, त्याचा शब्द मानत. तो कुणाकडे झुकत नाही, एवढीच त्याची कमाई.

यंदा मात्र तो धास्तावलेला होता. सुताच्या यंत्रांत आयुष्य काढून बारीक आवाज कानांतून निसटायला लागले होते. चेंडूला बॅटची कड लागली तरी ऐकू येईना. मग विकेटकीपरचा चेहरा बघून तो बोट वर करी. आजवर निभावलं होतं.

शेवटच्या ओव्हरमध्ये कामगारांच्या सुकदेवचा चेंडू स्टाफच्या उदयसाहेबांच्या बॅटजवळून गेला. कीपर नथूनं आडवी झेप घेऊन तो पकडला, पण त्याचं तोंड मातीत, चेहरा दिसेना. सगळे ओरडले. साहेब शांतपणे ग्लोव्ह्ज नीट करत होते.

"नॉट आउट," कारभारी म्हणाला.

"अहो, गलोंडा गावापर्यंत आवाज गेला!" नथू कपाळावर हात मारत म्हणाला.

पुढच्याच चेंडूवर साहेबांनी चौकार मारला आणि कामगार हरले.

"उद्यापासून मशीन सोडा, कारभारीभाऊ," कुणीतरी ओरडलं. "साहेबाच्या केबिनीत बसा, पंख्याखाली!"

बहिरा म्हणून हसले तरी चालेल, लबाड म्हणून नको, असं मनाशी ठरवून कारभारी सुकदेवकडे गेला. सुकदेव त्याच्याच शेजारच्या यंत्रावर होता.

"मला आवाज आलाच नाही रे. कान गेलेत माझे. सगळ्यांना सांगून टाकतो."

"काय?"

कारभारीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

सुकदेवनं घाईनं त्याचा दंड धरला. "हळू बोला, भाऊ. मला तरी कुठं आला? नथू ओरडला म्हणून मी ओरडलो." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुम्ही सांगितलं तर कंपनी समद्यांचे कान तपासंल. मला काढलं तर पोरंबाळं घेऊन कुठं जाऊ? तुमचं काय, तुम्ही एकटे."

एवढ्यात बाकीचे जवळ आले. "काय भाऊ, साहेबानं काय द्यायचं कबूल केलं?" नथूनं विचारलं.

कारभारीचे ओठ हलले. सुकदेव त्याच्याकडे टक लावून बघत होता. कारभारीनं कोट काढला, घडी घालून नथूच्या हातात दिला आणि खोलीकडे निघाला.

सोमवारी कँटीनमध्ये तो ताट घेऊन बसला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "अंपायरसाहेबांना तूप वाढा रे!" हशा पिकला. हसणाऱ्यांत सुकदेवही होता. कारभारीनं आपलं ताट जरा सरकवून बाकावर जागा केली. सुकदेव आला, क्षणभर थबकला, आणि पलीकडच्या बाकावर नथूशेजारी जाऊन बसला.