समुद्रावरून दिसलेलं दीपगृह

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा जन्म जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं कोकणात, विष्णूआबांच्या गळ्यात. आबा दीपगृहावर नोकरीला होते. तीस वर्षं ते रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचे आणि मला डोळ्यांशी धरून लांबून जाणारी जहाजं न्याहाळायचे. "अशी स्वच्छ काच सबंध किनाऱ्यावर नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी सुखावून जाई. स्वतः मात्र ते कधी जहाजात बसले नाहीत. दिवा सोडून जाणार कसे?

ते निवृत्त झाले आणि मी कपाटात गेले. एकामागून एक पावसाळे गेले. माझ्या डाव्या काचेवर बुरशी आली. यंदा हॅम्बर्गला मुलाकडे, प्रसन्नकडे, निघताना आबांनी मला बॅगेत घातलं, आणि मी अशी म्हातारपणी माहेरी आले.

आबांच्या पंचाहत्तरीसाठी प्रसन्नने उत्तर समुद्रातल्या बेटांची सफर ठरवली होती. ऑगस्टमधला दिवस, पण वारा बोचरा. जहाज एका बेटासमोर थांबलं. बेटावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह होतं. तिथे रबरी होडीतून जायचं होतं. आबा सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहिले. पण होडी लाटांवर हेलकावत होती आणि शिडी उभी होती.

प्रसन्न म्हणाला, "बाबा, तुम्ही इथेच थांबा. गुडघा दगा देईल."

"अरे, माझा जन्म समुद्रावर गेला."

"समुद्रावर नाही बाबा, समुद्राकाठी."

आबा रांगेतून बाजूला झाले.

प्रसन्न आणि त्याची नऊ वर्षांची स्पृहा गेली. आबांनी मला डोळ्यांशी धरलं. डावा डोळा मिटून ते एका उजव्या काचेतून बघत राहिले. थोड्या वेळाने दीपगृहाच्या सज्जात स्पृहा दिसली. ती हात हलवत होती. माझ्या काचेला ओलावा लागला, तो समुद्राचा नव्हता.

परतल्यावर स्पृहाने नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं, की आबा, तुम्ही एकटे काय करत होतात?

"तुझ्या आजीची आठवण काढत होतो," आबा म्हणाले. "ती आमच्या दीपगृहाच्या सज्जात कपडे वाळत घालायची. एकदा विचारलं तिने, अहो, समुद्रावरून आपलं घर कसं दिसत असेल? मच्छीमारांच्या होडीतून जाऊन बघू या का?"

"उंट दू?" स्पृहा म्हणाली. म्हणजे, आणि तुम्ही?

"मी म्हणालो, बघू कधीतरी."

आजी जाऊन आता चार वर्षं झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या काचा पुसत जा, एवढं मागणं तर माझं आहेच. पण घरातलं कुणी 'जाऊन बघू या का' म्हणालं, तर त्याच दिवशी चपला घाला. माझ्यातून लांबचं दिसतं, मागचं दिसत नाही.