गोड बोलण्याचे दिवस

आमचं घर ओरडणाऱ्यांचं. साधं मीठ मागायचं तरी आवाज चढतो. कोणी डूख मात्र धरत नाही. तोंडातून बाहेर पडलं की संपलं. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या बंधुराजांना, स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा पहिल्यांदा या घरात शांतता पसरली, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

काही दिवस मनोरुग्णांच्या वॉर्डात काढल्यावर औषधांनी त्याच्या कानातले आवाज बरेचसे गेले. राहिले चेहरे. समोरच्याने नुसती जांभई दिली तरी त्याला वाटे, हा मला कंटाळला. त्यासाठी इस्पितळात एक नवा अभ्यास चालू होता. संशोधक बाई पाचसात जणांना गोल बसवून पडद्यावर लोकांचे चेहरे, गप्पा, भांडणं दाखवत आणि विचारत, "याच्या मनात काय आहे? कशावरून? दुसरं काही असू शकेल का?" तरीही कळलं नाही, तर त्या माणसालाच विचारायचं. बंधुराज तिथे मन लावून जात. आम्हा घरच्यांचीही बैठक झाली. घरात टोमणे आणि आरडाओरडा कमी असला तर आजार उलटण्याची शक्यता कमी होते, असं बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या होत्या. आमच्या लोकांनी त्याचं काय केलं ते ऐका.

आई, जी आम्हाला जन्मभर 'अरे गाढवा' म्हणूनच उठवत आली, ती "बाळा, उठतोस का?" म्हणू लागली. बाबांचं खाली फोटोफ्रेमचं दुकान. आजारापूर्वी बंधुराज तिथे काम करायचे. आता ते दुकानात डोकावले की बाबा दात दाखवून म्हणत, "राहू दे हं, तू आराम कर." मीही कमी नव्हते. माझा गोड आवाज ऐकून माझ्याच अंगावर काटा यायचा.

मग तो आमच्यासोबत जेवेनासा झाला. एका दुपारी पाहते तर बॅग भरत बसलेला.

"कुठे निघालास?"

"तुम्ही परत वॉर्डात सोडायच्या आधी मीच जातो कुठेतरी."

"वॉर्डात? कोण म्हणालं तुला?"

"कोणी कशाला म्हणायला हवं, ताई? आई गोड बोलते, पण दात आवळून. बाबा हसतात, डोळे हसत नाहीत. सगळे मिळून काहीतरी लपवताय."

चेहरे तो अगदी बरोबर वाचत होता. चुकत होतं ते फक्त कारण.

"दुसरं काही असू शकेल का?" मी बाईंसारखं विचारलं.

त्याने हातातला शर्ट खाली ठेवला. "सुचत नाहीये. मग विचारायला हवं. तू चल बरोबर."

खाली दुकानात बाबा काच कापत होते. आई चहा घेऊन आली होती.

"बाबा, तुम्ही माझ्यावर चिडलायत?"

"छे छे! मुळीच नाही, बाळा."

"बघ," तो मला म्हणाला आणि बॅग आणायला वळला.

माझं डोकंच सटकलं. "बाबा, ओरडू नका सांगितलं होतं, खोटं बोला असं नाही! तो घर सोडून निघालाय!"

बाबांनी कटर खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाले. "हो! चिडलोय! रोज ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर टाकतोस! बसलो की विजार ओली! सांगायचं कोणाला? बोलायची चोरी!"

काचा थरथरल्या असतील. झालं, सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. बंधुराज मात्र पडद्याकडे पाहावं तसे बाबांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते.

"टॉवेलवरून?"

"मग कशावरून?"

"मला वॉर्डात नाही सोडणार?"

"तुला? अरे, वेडबिड…" बाबांनी जीभ चावली. आणि बंधुराज हसले. चांगले पोट धरून हसले. ते हसू ऐकून किती काळ लोटला होता! मला रडू आवरेना.

पण तो तिथे थांबला नाही. "बाबा, अजून काहीतरी आहे. राग गेला, तरी चेहरा तसाच आहे."

बाबांनी कापलेली काच उगीच पुसली. "भीती वाटते," ते हळूच म्हणाले. "तुझी नाही रे. तुला पुन्हा तसं होईल, आम्ही कोण ते कळेनासं होईल, याची. दुकानात ताण पडेल म्हणून बोलावत नव्हतो."

"मलाही तीच भीती वाटते," तो म्हणाला. "रोज."

त्याने गोळी घेतली का, तो झोपला का, जेवला का, सगळं आम्ही विचारत होतो. हे कोणी विचारलंच नव्हतं.

बाबांनी बाकावरच्या काचा बाजूला सरकवून त्याला बसायला जागा केली.

"कधी वाटते?" त्यांनी विचारलं.

तो सांगू लागला.